जुनी स्विफ्ट: आधी ताकद की आधी पकड?

प्रश्न (वाईकर): माझ्याकडे 2006 ची 1.3 पेट्रोल स्विफ्ट आहे, 87 बीएचपी, वजन साधारण एक टन. पसरणी घाट चढताना दम कमी वाटतो. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलून ताकद वाढवणारं यंत्र) बसवावा का?

घाटवेडा: थांबा. माझी पण हीच गाडी, मीही आधी इंजिनच्याच मागे लागलो होतो. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतलं चाक नुसतं फिरायचं आणि गाडी बाहेरच्या कठड्याकडे सरकायची. ही गाडी पुढची चाकं ओढतात आणि वळवतातही तीच. टायरची पकड ठरावीक असते, ती ओढण्यात खर्च झाली तर वळायला उरत नाही. ताकद वाढवून हे आणखी बिघडतं.

मग मी आधी चांगले टायर घेतले, झिजलेले शॉक अब्जॉर्बर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) बदलले, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नीट करून घेतले. गाडी अक्षरशः बदलली! तोच घाट, तेच इंजिन, पण आता वळणाआधी वेग इतका मोडावा लागत नाही, म्हणून चढाला दमही कमी पडत नाही.

नाशिकची स्नेहल: ब्रेक विसरू नका. 60 ऐवजी 80 ने असाल तर थांबायला पावणेदोनपट अंतर लागतं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? ते ओलावा शोषतं, मग उतारावर तापून उकळतं आणि पेडल खाली जातं, पण ब्रेक नीट लागत नाही.

वाईकर: घेतल्यापासून बदललेलंच नाही. उद्याच गॅरेजला नेतो.

घाटवेडा: टायर कधी बनलेत त्या तारखाही बघा. टायर जुने असतील तर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं.