शेततळं बुजवून बाग करायची आहे, भराव किती ब्रास धरू? (नाशिक)

नमस्कार मंडळी. मखमलाबादला आमच्या घरामागे द्राक्षबागेच्या काळातलं छोटं शेततळं आहे. बाग काढली, तळं कोरडं पडलं. आता घरात बाळ रांगायला लागलंय आणि त्या खड्ड्याची फार धास्ती वाटते. पावसाळ्याआधी तो बुजवून तिथे भाजीचे वाफे, कडेने मोगरा, जास्वंद, आणि सासूबाईंना हवा असलेला एक चिकू लावायचा आहे.

मापं अशी: वरून ४० बाय ३० फूट, खोली ८ फूट. चारही बाजू उतरत्या, त्यामुळे तळाशी २४ बाय १४ फूटच उरतात. आत जुना प्लास्टिकचा कागद अजून आहे. चारही काठांना मातीचा बांध आहे, साधारण ३ फूट उंच, माथ्यावर २ फूट आणि पायथ्याशी ८ फूट रुंद.

माती टाकणारे म्हणतात ९६ ब्रास लागेल. वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळाची सरासरी काढून खोलीने गुणलं तर मला ६१ येतात. एवढी तफावत कशी? पैशाचा प्रश्न आहेच, पण माती कमी पडून पहिल्याच पावसात बाग खचायलाही नको. मुरूम किती आणि काळी माती किती घ्यावी? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, ४० × ३० × ८ असं सरळ गुणलं की ९६ येतात, म्हणजे त्यांनी उतार धरलाच नाही. मध्यावरचं, ४ फूट खोलीवरचं माप घ्या: ३२ बाय २२. वरचं क्षेत्रफळ १२००, तळाचं ३३६ आणि मधल्याची चौपट २८१६, बेरीज ४३५२. तिला ८ने गुणून ६ने भागा. सुमारे ५८०० घनफूट होतात. १०० घनफुटांचा ब्रास, म्हणजे ५८ ब्रास. तुमचं उत्तर फार लांब नव्हतं.

पण बाहेरून ५८सुद्धा आणू नका. आधी तो बांध बघा, तळ्यातूनच निघालेली माती आहे ती! तुमच्या मापाने बांधाचा छेद १५ चौरस फूट, मधोमध मोजलेला घेर सुमारे १७० फूट. म्हणजे २५ ब्रास माती काठावरच पडून आहे. उरले ३३. गाडीतली माती मोकळी असते, ती बसते, म्हणून वर २० टक्के धरा. साधारण ४० ब्रास विकत घ्यावी लागेल.

तळं खोदताना काळी माती आधी निघते आणि मुरूम नंतर, म्हणून बांधात बहुधा मुरूम वर आणि काळी खाली असते. जेसीबीवाल्याला बांध वरून उतरवायला सांगा, मुरूम आपोआप आधी तळाशी जाईल. काळी माती बाजूला ढीग करून शेवटी टाका. वरचे २ फूट तरी चांगली माती हवी, ती २१ ब्रास भरते. धरणाचा गाळ मिळाला तर उत्तम, पण नुसता टाकू नका, वाळला की भेगाळतो, शेणखत मिसळा.

कागद मात्र आधी पूर्ण काढा. तो राहिला तर बागेखाली पाणी साचेल आणि चिकूची मुळं कुजतील. खालचा भराव फूटभर थर टाकून, पाणी मारून, दाबत न्या. वरचे २ फूट दाबू नका. फुकटचा बांधकामाचा राडारोडा कुणी देऊ केला तर मला विचाराल तर नकोच. सिमेंट-चुन्याने जमिनीची नासाडी होते.

ट्रॉली आली की आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजून गुणा, १००ने भागा, आणि तेवढ्याच ब्रासचे पैसे द्या. गौण खनिजाची वाहतूक पावतीही मागून घ्या.

धागाकर्ती

खूप खूप आभार! बांध हिशेबात धरायचं डोक्यातच आलं नव्हतं. चिकू याच पावसाळ्यात लावला तर चालेल का?

प्रतिसाद

नको. भराव एक पावसाळा बसू द्या, तोवर भाजी आणि फुलझाडं लावा. मध्यभाग अर्धा फूट उंचच ठेवा, तो खाली येतो. लवकरच लावायचा असेल तर चिकू खड्ड्याबाहेर, न हललेल्या जमिनीत लावा.