मदत हवी आहे: काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचे (एस्प्लनेड मॅन्शन) मूळ नकाशे

या इमारतीचा ओतीव लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून सुट्या भागांत मुंबईला आणला आणि 1867 ते 1869 मध्ये इथे जोडला. आराखडा इंग्रज अभियंता रोलंड मेसन ऑर्डिशचा. भार खांब-तुळयांवर, विटा फक्त भरावाला; म्हणूनच गंज चढला की लोखंड फुगतं आणि वीटकाम तडकतं. 1896 चा ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळही इथलाच.

पुराभिलेखागार (जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह) हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पण आजच्या नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही, ‘वॉटसन’ किंवा ‘एस्प्लनेड हॉटेल’ असंच पाहावं लागतं. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडल्यानंतरच्या भूखंडवाटपाचे कागद कोणत्या विभागाच्या खंडांत आहेत? सांगाड्याच्या जोडणीचे नकाशे कुणी पाहिलेत का? वर्ष आणि खंड क्रमांक दिलात तर थेट मागणीचिठ्ठी भरता येईल.