मदत हवी आहे: बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) आहे, सोबत कोणी नाही. ठाण्यात केअरगिव्हर कुठे मिळेल?

वर्तकनगरकर: पुढच्या महिन्यात बीएमटी करायचं म्हणताहेत, पण सोबतीला चोवीस तासांचं माणूस ठरल्याशिवाय तारीख मिळणार नाही. घरात मी एकटाच. नर्सिंग ब्यूरोचा पगारी माणूस भरवशाचा असतो का, एवढंच सांगा. धीर नको, तो बराच मिळालाय.

निशिगंधा_ऐरोली: ऑटो की अ‍ॅलो? स्वतःच्याच पेशी परत देणार असतील तर साधारण दोन-तीन आठवडे अ‍ॅडमिट, मग काही आठवडे घरी जपायचं. दात्याच्या असतील तर पहिले 100 दिवस तरी हॉस्पिटलच्या आसपासच राहायला सांगतात. हॉस्पिटल कुठलं?

घोडबंदर_त्रस्त: पपईच्या पानांचा रस सुरू करा. मेव्हण्याच्या प्लेटलेट्स डेंग्यूत भराभर वाढल्या.

निशिगंधा_ऐरोली: अहो, इथे डेंग्यू कुठून आला? पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना कच्च्या पाल्याचा रस? कृपा करा.

वर्तकनगरकर: ऑटो. मायलोमा, म्हणजे मज्जेतला कॅन्सर. खारघरला.

सेक्टर_बारा: बायकोचं ऑटो झालंय, म्हणून सांगतो. ब्यूरोवर विसंबू नका. बाई आजारी पडली की बदली पाठवतात, आणि ती बदली शिंकत आली तर? शिवाय खरं काम अंग पुसण्याचं नाहीच. मेल्फालान, म्हणजे केमोचं औषध, चढवताना बर्फ चघळायचा असतो, म्हणजे तोंड कमी सोलवटतं. तुकडे हातात देत, ‘अजून एक घे’ म्हणत कोणीतरी बसावं लागतं. घरी आल्यावर ताप 100.4 दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पेशंट म्हणतो, क्रोसिन घेतो, सकाळी बघू. त्याला दटावून गाडीत घालणारं माणूस ओळखीचंच लागतं.

मीनाताई_वाशी: असहमत. मी नर्स होते. नातेवाइकांची हौस चार दिवसांत फिटते. पगारी माणूसच ठेवा, पण 100.4 कागदावर लिहून भिंतीला लावा आणि बदली चालणार नाही हे आधीच ठरवा. घरी कोणाला कांजिण्या, टीबी, खोकला आहे का तेही विचारा. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करना भेटलात का?

मुलुंडचा_मोरू: पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा बघितलीत का? माझी खोली मर्यादेपेक्षा महाग होती, तर बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं होतं.

वर्तकनगरकर: पॉलिसीचं विचारलंच नाही मी. सोशल वर्करना भेटलो, त्या म्हणाल्या घरचं कोणी बघा. बहीण सांगलीला असते, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला सांगणार नाही.

निशिगंधा_ऐरोली: म्हणजे बहीण आहे! मग ‘कोणी नाही’ काय लिहिता?

घोडबंदर_त्रस्त: वेळेवर लग्न केलं असतं तर ही वेळ आली नसती.

वर्तकनगरकर: त्याचा वेगळा धागा काढा.

सेक्टर_बारा: बहिणीला अख्खा महिना मागू नका. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडाच मागा. वॉर्डात मीनाताई म्हणतात तसा पगारी माणूस ठेवा, हे मला पटलं. प्लेटलेट्स चढवाव्या लागतात आणि दात्याकडून घेतलेल्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणून द्यायला ऑफिसातल्या चौघांना आत्ताच सांगून ठेवा. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला येते, त्यांना अवघड नाही.

मीनाताई_वाशी: ‘पटलं’ हे लिहून ठेवते.

वर्तकनगरकर: ऑफिसात मायलोमाचं कोणाला माहीत नाही. बरं, फॉर्मवर केअरगिव्हर म्हणून दोन नावं चालतात का?

निशिगंधा_ऐरोली: ते युनिटच्या सिस्टरना विचारा. बहिणीला फोन आजच करा.

मुलुंडचा_मोरू: आणि रूम रेंट बघा.