नागपूरच्या इंदोरा-जरीपटका भागात मोफत कायदा सल्ला शिबिर घ्यायचं आहे, मांडणी कशी करावी?

जरीपटका_ज्युनिअर
नमस्कार. आमच्या वकील संघाच्या तरुण वकिलांच्या विभागाने जानेवारीतल्या एका रविवारी शिबिर घ्यायचं ठरवलंय. वकील १२, खर्चाला २५ हजार, आणि एका विहाराचा हॉल मिळतोय. दीपप्रज्वलन, दोन भाषणं, शाल-श्रीफळ आणि आभार असं शिबिर करायचं नाही. आलेला माणूस घरी जाताना पुढे काय करायचं ते कागदावर घेऊन गेला पाहिजे. टोकन किती ठेवावीत? बसण्याची सोय कशी करावी? पत्रकावर वकिलांची नावं टाकली तर अडचण येते का? आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला सोबत घ्यावं की आपल्यापुरतं करावं? ज्यांनी अशी कामं हाताळली आहेत त्यांनी सविस्तर सांगावं.

सिव्हिल_लाइन्स_वकील
आधी गणित करा. एका माणसाला २० मिनिटं लागतातच. त्यातली पहिली १० पिशवीतून कागद काढून ते लावण्यात जातात. १० ते २ असं शिबिर धरलं तर एका टेबलावर कागदोपत्री १२ जण होतात, प्रत्यक्षात ८-९. बाराही वकील सल्ल्याला बसवू नका. ८ टेबलं, २ जण नोंदणीला, १ अनुभवी वकील मोकळा (कुठल्याही टेबलावर अडलं की त्याने जायचं) आणि १ जण झेरॉक्स व टोकन सांभाळायला. म्हणजे टोकन ७० द्या. २०० वाटली तर दुपारी १ नंतर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, आणि पाच मिनिटांत दिलेला सल्ला बहुतेक वेळा चुकतो.

सगळा भार नोंदणीच्या टेबलावर असतो. तिथे चार गोष्टी विचारायच्या: तुमचं नाव, समोरच्याचं नाव, आधीपासून वकील आहे का, आणि कुठला कागद कोणत्या तारखेला हातात पडला. समोरच्याचं नाव यासाठी, की एकाच मोहल्ल्यात भाऊ-भाऊ, सासू-सून दोघंही येतात. दोघं एकाच वकिलासमोर बसता कामा नयेत. तारीख यासाठी, की काही प्रश्नांना मुदत असते आणि त्या माणसाला रांगेत मागे ठेवणं म्हणजे त्याचं नुकसान. नोंदणीच्या टेबलावर हा तक्ता चिकटवून ठेवा:

चेक परत गेला: बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार.
दिवाणी दाव्याचं समन्स आलं: लेखी जबाब ३० दिवसांत, न्यायालयाने वाढवून दिले तर ९० पर्यंत.
ग्राहक तक्रार: कारण घडल्यापासून २ वर्षं.
रस्ता अपघाताचा दावा: २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आली आहे. उशीर झालेला माणूस परत पाठवू नका, थेट अनुभवी वकिलाकडे न्या.
ऑनलाइन फसवणूक: टोकनच नको. तिथल्या तिथे १९३० ला (सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक) फोन लावून द्या. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत ते गोठले तरच हाती लागतात.

मूळ कागद कुणाचाही ठेवून घेऊ नका, एक तासासाठीसुद्धा नाही. पाहा, झेरॉक्स काढा, परत द्या. विक्रीपत्र हरवलं तर त्या घराचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

महाल_वकीलताई
नावांबद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ३६ काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो, आणि शिबिर हा त्याला अपवाद नाही. त्याच नियमावलीतला नियम ४६ सांगतो की गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य आहे. दोन्ही सोबत पाळता येतात. फलकावर फक्त संघाचं आणि विभागाचं नाव, विषय, वेळ, जागा. वकिलांचे फोटो नाहीत, नंबर नाहीत, टेबलावर व्हिजिटिंग कार्डं नाहीत. वकीलपत्रावर शिबिरात सही घेऊ नका. विभागाच्या बैठकीत आधीच ठराव करून घ्या की शिबिरात ज्याला सल्ला दिला त्याचं प्रकरण तोच वकील फी घेऊन लढवणार नाही. हा ठराव नसला की पुढच्या वर्षी त्याच वस्तीत लोक म्हणतात, "हे गिऱ्हाईक शोधायला येतात", आणि मग हॉल रिकामा राहतो.

ज्यांचा आधीच वकील आहे अशांची रांग मोठी असते. त्यांचं म्हणणं एकच, "वकील काही सांगतच नाही." तिथे त्या वकिलाच्या कामावर मत देऊ नका. सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा ओळख क्रमांक, अक्षरं आणि अंक मिळून १६) न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर टाका, मागच्या तारखेला काय झालं ते वाचून दाखवा, पुढची तारीख लिहून द्या. अर्धी काळजी तिथेच मिटते.

आणि फोटो. कौटुंबिक हिंसाचाराच्या टेबलाकडे कॅमेरा फिरवू नका. दुसऱ्या दिवशी पेपरात सुनेचा चेहरा दिसला तर तिला घरात काय भोगावं लागेल याचा विचार करा. ते टेबल पडद्याआड, दरवाजाकडे पाठ करून, आणि तिथे महिला वकीलच. दोन मुद्दे तिला आवर्जून सांगा. अर्जाला कोर्ट फी लागत नाही. आणि ती सध्या माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असली तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो, सासरच्या गावी जावं लागत नाही.

विधी_स्वयंसेवक_कामठी
प्राधिकरणाला सोबत घ्याच. शिबिर एका दिवसाचं असतं, प्रकरण चार वर्षांचं. पुढची चार वर्षं मोफत वकील देण्याची व्यवस्था त्यांच्याकडेच आहे. तीन-चार आठवडे आधी जिल्हा न्यायालयात सचिवांच्या नावे पत्र द्या. पत्रात तारीख, जागा, वकिलांची संख्या आणि मागणी स्पष्ट लिहा: दोन विधी स्वयंसेवक आणि मोफत वकिलाच्या अर्जाचे १०० छापील नमुने. "सहकार्य मिळावे" एवढंच लिहिलं तर शुभेच्छांचं पत्र येतं.

कुणाला मोफत वकील मिळतो हे वकिलांनाही नीट माहीत नसतं, म्हणून लिहितो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. इंदोऱ्यातल्या बहुतेकांना पहिल्याच यादीत जागा आहे, तरी त्यांना उत्पन्नाचा दाखला आणायला पाठवलं जातं आणि ती माणसं परत येत नाहीत. ज्यांना मर्यादा लागू आहे त्यांच्यासाठीही कलम १३ म्हणतं की उत्पन्नाबद्दलचं शपथपत्र पुरेसं मानता येईल. अर्ज शिबिरातच भरून घ्या, सोबत आधारची प्रत आणि जातीचा दाखला असेल तर त्याची प्रत, आणि सोमवारी एकगठ्ठा नेऊन पोच घ्या. विधी सेवेचा १५१०० हा मदत क्रमांक माणसाच्या हाती द्यायच्या प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी छापा.

जरीपटका_ज्युनिअर
मनापासून आभार. वस्तीतले बहुतेक प्रश्न घराच्या कागदांचे असतील असं विहाराचे लोक सांगतात. त्या टेबलाची तयारी कशी करावी?

आखीव_पत्रिका
त्या भागात दोन टेबलं फक्त घर-जागेची ठेवा, आणि बसणाऱ्यांना आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा नगर भूमापनाचा उतारा) वाचता आलीच पाहिजे. सातबारावर वाढलेले वकील तिथे गोंधळतात. पत्रकातच लिहा काय आणायचं: आखीव पत्रिका किंवा सातबारा, विक्रीपत्र किंवा इसारचिठ्ठी, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल लेटर, म्हणजे भूखंड नियमित केल्याचं पत्र, असेल तर ते, मालमत्ता कराची पावती, आणि मूळ मालक वारला असेल तर मृत्यू दाखला.

नेहमी समोर येणारा कागद म्हणजे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली "विक्री". घडीवर फाटलेली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. त्याने मालकी येत नाही, नोंदणीकृत विक्रीपत्रच लागतं. पण एवढंच सांगून उठवू नका. ताबा कधीपासून, विकणारा हयात आहे का, त्याचे वारस कुठे आहेत, कराच्या पावत्या कुणाच्या नावावर, हे विचारा. विकणारा हयात असेल तर आजच्या आज त्याला गाठून विक्रीपत्र नोंदवून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तो गेला की आठ वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, त्यातला एक पुण्यात, एक रुसलेला.

तीन गैरसमज टेबलावरच दूर करा. कर भरला म्हणजे मालक झालो, असं नाही. फेरफार नोंद झाली म्हणून मालकी मिळत नाही, ती महसुलासाठीची नोंद आहे. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो वारसांच्या वतीने रक्कम घेणारा. मृत्युपत्राबद्दलही विचारतात: नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि नागपुरातल्या घरासाठी हिंदू-बौद्ध कुटुंबाला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र) सक्तीचं नाही. नोंदणी केली तर उत्तम, पुढे भांडण झालं तर कामी येते.

म्हातारे आईवडील मुलाला घर बक्षीसपत्राने द्यायचं म्हणतात. त्यांना थांबवा. सांभाळ करण्याची अट त्या पत्रात लिहा म्हणावं. अट लिहिलेली असली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, मुलाने सांभाळलं नाही तर, उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून घेता येतं. अट नसली तर लढाई फार अवघड होते.

कोराडी_रोड
थोडं व्यवस्थेचं. जानेवारी चांगला. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते आणि पोलीस दोन्ही अडकलेले असतात, आणि एप्रिलनंतर पत्र्याच्या हॉलमध्ये कुणी बसणार नाही. त्या भागातला आठवडी बाजार रविवारी असेल तर वार बदला. प्रचार आशाताई, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकान यांच्यामार्फत करा, लाउडस्पीकरच्या ऑटोपेक्षा तो जास्त पोहोचतो. जरीपटक्यात सिंधी-हिंदी बोलणारा एक जण नोंदणीला बसवाच. पैसा झेरॉक्स मशीन, खुर्च्या आणि पाण्यावर घाला. हार-तुऱ्याचे पैसे वाचवून कार्बनची चिठ्ठी-पुस्तकं छापा.

सिव्हिल_लाइन्स_वकील
चिठ्ठीचं राहिलं होतं. अर्धं पान, दोन प्रती. त्यावर चारच ओळी: कोणत्या कार्यालयात जायचं (मजला आणि खोलीसकट), सोबत कोणते कागद, कोणत्या तारखेच्या आत, आणि तिथे नाही म्हटलं तर काय करायचं. कलमांची जंत्री नको. "योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागावी" असं लिहिलेली चिठ्ठी फाडून नवीन लिहायला लावा. कार्बन प्रतीवरून १५ दिवसांनी दोन ज्युनिअरनी प्रत्येकाला फोन करायचा. महिन्याभराने त्याच हॉलमध्ये दोन तासांची दुसरी बैठक, फक्त अडलेल्यांसाठी. तिची तारीख पहिल्याच चिठ्ठीवर छापलेली हवी.

जरीपटका_ज्युनिअर
आणि ज्यांना वाचता येत नाही?

महाल_वकीलताई
चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा, मग त्यांनाच सांगायला लावा, "मावशी, आता मला सांगा, बुधवारी कुठे जायचं?" चुकलं तर पुन्हा सांगा. तारीख नेहमी वारासकट लिहा. मोबाईल असेल तर तुमच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग त्यातच करून द्या, घरी नातू ऐकवेल. पण हिंसाचाराच्या टेबलावरच्या बाईला हे रेकॉर्डिंग देऊ नका. तो मोबाईल संध्याकाळी कुणाच्या हातात असेल ते आधी विचारा.