मदत हवी आहे: ऑनलाइन घरघंटी घेतली, दुकानच गायब. तक्रारीत सामनेवाला कोण लिहू?

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी. वहिनीला घरबसल्या दळण दळून द्यायचा व्यवसाय सुरू करायचा आहे, म्हणून तिच्यासाठी घरघंटी मागवली. समाजमाध्यमावर जाहिरात दिसली, तिथून संकेतस्थळावर गेलो. राजकोटचा पत्ता, जीएसटी क्रमांक, माल परत करण्याचे नियम, सगळं जागच्या जागी होतं. यूपीआयने भरल्यास सूट, म्हणून १६,८०० रुपये भरले. कुरिअरचा क्रमांकही आला, पण कुरिअरवाल्यांकडे त्याची नोंदच नाही. मग फोन बंद, आणि थोड्याच दिवसांत संकेतस्थळही उघडेना. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून पाहिला, तर तो एका कापड व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला याची गंधवार्ताही नाही.

१९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. रकमेपैकी ५,२०० रुपये परराज्यातल्या एका खात्यात अडकवून ठेवल्याचं कळलं. उरलेले दोन-तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले. त्यानंतर सगळं ठप्प. पोलीस ठाण्यात म्हणतात, पोर्टलवर केलीय ना, मग थांबा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. जाहिरात दाखवणारी कंपनी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ. ग्राहक आयोगाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो, तर सामनेवाल्याचं नाव आणि पत्ता भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. राजकोटच्या त्या पत्त्यावर ओळखीच्या माणसाला पाठवलं, तिथे गाड्यांचं गॅरेज आहे.

कायदे भरपूर आहेत असं वाचतो. मला एवढंच सांगा, मी भांडू कोणाशी आणि कुठे? आणि ते ५,२०० तरी कसे सोडवू?

खलबत्ता:

१९१५ ला फोन करून बघा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, माझ्या मिक्सरचे पैसे त्यांनी मिळवून दिले होते.

वारणाकाठ:

केला होता. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात. इथे कंपनीच नाही.

कायद्याचंबोला:

तुमचा क्रम उलटा लागलाय. ग्राहक आयोगाला नाव लागतं आणि ते शोधून काढायचं काम आयोग करत नाही. ते पोलिसांचं. म्हणून आधी एफआयआर. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे ठाण्यात कोणी आपणहून सांगत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ऑनलाइन पाठवलीत तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलमं त्यांना माहीत असतात, तरी लिहा: भारतीय न्याय संहिता ३१८(४) फसवणूक, ३१९(२) तोतयेगिरी करून फसवणूक, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. यातली एक मेख समजून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास त्याच कायद्याच्या कलम ७८ नुसार पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ठाण्यात निरीक्षक किती आणि अशा तक्रारी किती, याचा हिशेब तुम्हीच करा. सोळा हजारांच्या घरघंटीसाठी परराज्यात पथक जात नाही, आणि ठगांनी रक्कम ठरवताना हे गृहीत धरलेलं असतं असं माझं मत आहे.

तरी एफआयआरचा उपयोग आहे. तपास यंत्रणेने लेखी मागितलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या, मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला ७२ तासांत माहिती द्यावी लागते. जाहिरातीचे पैसे कोणी, कुठल्या कार्डावरून भरले, हे त्यांच्याकडे असतं. तुम्ही मागितलंत तर देणार नाहीत.

निवृत्तरोखपाल:

बँकेचं उत्तर कठोर आहे, पण नियमाला धरून आहे. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सगळे दाखवतात, ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पैसे तुम्हीच पाठवलेत, फक्त फसवून घेतले गेले. आपल्या नियमांत या दोन गोष्टींमध्ये भिंत आहे आणि ठग नेमके तिच्या पलीकडे उभे असतात. क्रेडिट कार्डाने भरले असते तर माल आला नाही म्हणून चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता.

माझा रोख दुसऱ्या बँकेवर आहे. ज्या खात्यात पैसे गेले ते बहुधा भाड्याने घेतलेलं असणार. एखाद्या गरजू पोराला चार पैसे देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घ्यायचं. आमच्या वेळी खातं उघडायला ओळखीचा खातेदार सही करायला आणावा लागे, त्याला लोक कंटाळायचे. असो. त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शुल्क नाही. तुम्ही त्या बँकेचे ग्राहक नाही असं ते म्हणतील, म्हणून फार आशा धरू नका.

टेम्सकाठची:

इकडे ब्रिटनमध्ये ती भिंत बरीचशी पाडलीय. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीने स्वतः पाठवलेले पैसेही बँकेला परत करावे लागतात, ८५,००० पौंडांपर्यंत. भार पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. त्यामुळे खातं उघडणाऱ्या बँकेलाही झळ बसते. पण ते देशातल्या देशातल्या व्यवहारांपुरतं. पैसे परदेशी खात्यात गेले की इथेही हात वर.

तांबडापांढरा:

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला होतो, म्हणून लिहितो. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका गिऱ्हाईकाने स्क्रीन बदलल्याचे २,४०० यूपीआयने दिले. नंतर कधीतरी अख्खं खातं गोठलं, कारण ते पैसे कुठल्याशा फसवणुकीतले होते आणि तक्रार दुसऱ्या राज्यात झाली होती. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याचा चेक परत गेला. त्या ठाण्यातल्या साहेबांना बिल आणि सीसीटीव्हीचं चित्रण पाठवत बसलो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत वादातल्या रकमेपुरतंच अडकवा असं सांगितलं होतं, ते बँकेला दाखवलं तेव्हा कुठे बाकीचे मोकळे झाले. वारणाकाठ, तुमचे ५,२०० ज्याच्या खात्यात आहेत तो चोरच असेल असं नाही, एवढंच.

वारणाकाठ:

हा विचार डोक्यात आला नव्हता. म्हणजे त्या खातेदारालाच सामनेवाला केलं तर?

कायद्याचंबोला:

पोलिसांनी त्याची भूमिका तपासल्याशिवाय नको. उगाच एखादा दुकानदार भरडला जाईल.

जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला मात्र सामनेवाला करून बघता येईल. ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ची, म्हणजे मध्यस्थांना दिलेल्या संरक्षणाची, ढाल पुढे करणार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय मध्यस्थाला मजकुराबद्दल जबाबदार धरणं अवघड झालंय. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी तो निकाल योग्यच होता. पण पैसे घेऊन दाखवलेली जाहिरात आणि कोणाचं तरी मत यांना एकच ढाल का, हा प्रश्न आयोगापुढे मांडण्यासारखा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ मध्ये फसवी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पण ‘नेहमीच्या कामकाजाच्या ओघात प्रसिद्ध केली’ असं म्हणून सुटायची वाटही तिथेच ठेवलीय. हा दंड केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण करतं, तो तुमच्या खिशात येत नाही.

तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात चालेल. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाखल करायची सोय केली. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षं. म्हणजे नाव मिळेपर्यंत वेळ आहे. घरघंटी धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा कोणी काढला तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक कारणात धरत नाहीत. तक्रारीत ती वहिनींच्या व्यवसायासाठी घेतली हे स्पष्ट लिहा.

पुरावा नीट ठेवा. नुसता स्क्रीनशॉट नको, वरचा पूर्ण दुवा आणि तारीख दिसली पाहिजे. यूपीआयचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा, क्रमांक हवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र पुढे लागेल, तोवर तो मोबाइल विकू किंवा रीसेट करू नका.

वारणाकाठ:

आभार. उद्या लेखी तक्रार घेऊन ठाण्यात जातो, नाही घेतली तर अधीक्षकांना स्पीड पोस्टाने. कालच त्याच घरघंटीची तीच चित्रं दुसऱ्या नावाच्या संकेतस्थळावर दिसली. जाहिरात त्याच समाजमाध्यमावर. तिथे तक्रार केली, उत्तर आलं की आमच्या धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. तो दुवाही जोडतोय.

शेवटची शंका: अडकलेले पैसे सोडवायचा अर्ज खातं आहे त्या गावच्या न्यायालयात करायचा का? जाण्यायेण्यातच ५,२०० संपतील.

कायद्याचंबोला:

एफआयआर तुमच्या ठाण्यात झाली आणि त्याच ठाण्याने रक्कम अडकवल्याचं न्यायालयाला कळवलं, तर अर्ज तुमच्याच तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. पोलिसांचा ‘हरकत नाही’ असा अहवाल लागेल, तो तपासी अधिकाऱ्याकडे आधीच मागून ठेवा. काही ठिकाणी असे अर्ज लोकअदालतीतही निकाली काढतात, विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पुढची तारीख विचारा.