जैसलमेर : दोन रात्रींचा मुक्काम कुठे करावा?

गोदाकाठ :
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन जैसलमेरला जात आहे. दोघांनीही पंचाहत्तरी गाठली आहे आणि आईचे गुडघे दुखतात. खोलीसाठी रात्रीचे 2500 रुपयेच देता येतील. किल्ल्यात राहावे, गावात की सम येथे वाळूच्या टेकड्यांत?

तांबडी वाट :
किल्ल्यातच राहा. 1156 साली रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसे नांदतात. सकाळी झरोक्यातून समोरच्या पिवळ्या दगडावर ऊन उतरताना पाहिले, तेव्हा ‘सोनार किल्ला’ हे नाव मला उमगले. आमची खोली 4500 रुपयांची होती, पण पैसे सार्थकी लागले.

जुना वाडा :
मला हे अजिबात पटत नाही. किल्ल्याखालची टेकडी ठिसूळ आहे. पूर्वी तिथे मोजक्या पाण्यावर भागत असे. आता घराघरांतले आणि हॉटेलांतले सांडपाणी खाली मुरते, त्यामुळे काही बुरूज ढासळले. आमच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली होती आणि हात लावला की गिलाव्याचे पोपडे सुटत होते. किल्ला दिवसा पाहा, मुक्काम खाली गावात करा.

रेतीवेडा :
वाळूत न राहता परत येणे म्हणजे अर्धे जैसलमेर सोडणे. सम सुमारे 40 किलोमीटरवर आहे. आम्ही तंबूचे 9000 रुपये मोजले आणि चांदण्यात मांगणियार लोकगायकांचा कमायचा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) ऐकला.

मरुगंध :
समला ध्वनिवर्धकांचा गोंगाट फार. त्यापेक्षा वाळूच्या टेकड्यांचेच दुसरे गाव, खुडी, शांत आहे. कलाकारांना बिदागी मात्र त्यांच्याच हातात द्या. उंटांच्या तांड्यांवर श्रीमंत झालेल्या जैसलमेरचा व्यापार मुंबई बंदर वाढल्यावर ओसरला आणि 1947 नंतर सिंधची वाटही बंद झाली. आज कितीतरी घरे पाहुण्यांवरच चालतात.

तांबडी वाट :
ओल आमच्या खोलीत नव्हती. पुन्हा सांगतो, किल्लाच.

गोदाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. आईला चढही नको आणि उंटही नको, म्हणून किल्ल्यातला मुक्काम, सम आणि खुडी तिन्ही रद्द केले. गडीसर तलावाजवळ तळमजल्यावरची 1800 रुपयांची खोली घेतली. वाचलेल्या पैशांत गाडी करून लोंगेवालाची रणभूमी आणि सीमेजवळचे तनोट पाहायला जाणार आहोत. 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, बाबा वायुदलात जैसलमेरच्या तळावर होते; लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाड्यांवर गेलेली हंटर लढाऊ विमाने तिथूनच उडाली. ती जमीन त्यांनी अजून पाहिलेली नाही.