ओला कचरा गावातच जिरवा, सुका एकत्र करा

सिन्नर, भगूर, त्र्यंबक, इगतपुरी या सगळ्यांचा कचरा नाशिकच्या एकाच प्रकल्पात न्यावा, अशी एक सूचना आहे. सुक्या कचऱ्यापुरतं मला ते पूर्ण पटतं. प्लास्टिक, पुठ्ठा दाबून गठ्ठे बांधायचं मशीन प्रत्येक नगरपरिषदेला परवडत नाही, आणि माल थोडा असला की भंगारवाले भावही देत नाहीत.

पण ओला कचरा नको. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. इगतपुरीहून घाट नसला तरी पंचेचाळीसेक किलोमीटर पाणी वाहायला डिझेल का जाळायचं? शिवाय पोचेपर्यंत तो सडतो.

खत गावातच करावं. नुसतं भाजीचं डेख नि खरकटं टाकलं की ढीग चिकट होतो, वास मारतो. त्याला कोरडा, कार्बनचा माल लागतो. निफाड-दिंडोरीकडे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात, कितीतरी बांधावर पेटवल्या जातात. श्रेडर गावोगाव फिरवून त्या बारीक करून साठवा! त्र्यंबकचं निर्माल्यही यात चालेल, फक्त दोरे-पिशव्या आधी काढायला हव्यात. इगतपुरीच्या पावसात मात्र शेडशिवाय ढीग टिकणार नाही, तेव्हा पहिला निधी तिथे छपराला द्यावा.